नंदेसरीतला फुटबॉल सिलेक्टर

गुरुवारी दुपारी दीड ते अडीच या वेळात साहेबांशी कामाचं बोलायचं नाही, हे आमच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगावं लागे. मार्च ते सप्टेंबर, म्हणजे सीझन चालू असेपर्यंत. बॉयलर बंद पडला तर गोष्ट वेगळी. रजेचा अर्ज, गेटपास, ओव्हरटाइमची सही, हे सगळं अडीचनंतर. कारण दोनच्या सुमारास मेलबर्नमध्ये टीम जाहीर व्हायची.

बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एका मध्यम आकाराच्या केमिकल कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळते. हजेरी, शिफ्ट, रजा, बसचे रूट. याद्या करणं हे माझं काम आहे आणि मला ते आवडतंही. साहेब आमचे प्रॉडक्शनचे प्रमुख होते. राहायला वाडीत, जुन्या बडोद्यात. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे घरात कागदपत्रं नीट ठेवायची सवय पिढीजात. उंची पाच फूट तीन इंच, पोट सुटलेलं, खिशाला चार पेनं आणि आवाज असा की कंप्रेसर हाउसमध्येही फोनवर बोलू शकत. मला ते ‘यादीबाई’ म्हणत. मी पहिल्यांदा रागावले, मग उत्तर द्यायला लागले.

त्यांचा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. बॉल नारळासारखा लांबट, मैदान लंबगोल, क्रिकेटचं असतं तसं. बॉल हातात धरायचा, पायाने मारायचा, उड्या मारायच्या, एकमेकांच्या अंगावर पडायचं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून बॉल मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. एका बाजूचे अठरा जण मैदानात आणि काही जण बदली म्हणून बाकावर. एवढं सोडून बाकीचे नियम मला सात वर्षं ऐकूनही धड सांगता येणार नाहीत. पण अठरा जागांची नावं मात्र पाठ आहेत. फुल बॅक, हाफ बॅक, विंग, रोव्हर, रकमन, फुल फॉरवर्ड. आमच्या कॅन्टीनमध्ये भाजी वाढणाऱ्या बाईंनाही ती येत होती.

साहेब स्वतः आयुष्यात कुठलाच खेळ खेळले नव्हते. “शाळेत खो-खोच्या वेळी मला चपला सांभाळायला बसवायचे,” ते सांगत. “तेव्हापासून बघतोय. खेळणाऱ्याला खेळ कुठे दिसतो? त्याला फक्त समोरच्याची पाठ दिसते.”

हा नाद त्यांना लागला तो नोकरीमुळेच. कारखान्याने मेलबर्नजवळच्या एका कंपनीकडून एक मशीन घेतलं होतं आणि ते शिकून यायला साहेबांना तीन महिने पाठवलं होतं. तिथे ते एका विधवा म्हाताऱ्या बाईंच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहिले. त्या वर्षी तिच्या नवऱ्याची मैदानावरची राखीव खुर्ची पहिल्यांदाच रिकामी होती. तिने दर शनिवारी त्या खुर्चीवर यांना नेऊन बसवलं. पहिल्या शनिवारी यांना वाटलं, दंगल चालली आहे. तिसऱ्या शनिवारी त्यांनी तिला सांगितलं की तुमचा फुल बॅक चुकीचा माणूस आहे. ती दोन दिवस बोलली नाही. सोमवारी सकाळी चहा पुढे ठेवत म्हणाली, तुझं बरोबर होतं, पण परत म्हणू नकोस.

साहेबांनी अर्थातच परत म्हटलं. बडोद्याला परतल्यावर दर गुरुवारी म्हणत राहिले. टीम जाहीर व्हायच्या आधी दोघं आपापली अठरांची टीम एकमेकांना मेसेजवर पाठवत. जुन्या गेटपासच्या कोऱ्या बाजूला साहेब एक लंबगोल काढत, त्यात अठरा चौकोन आणि चौकोनांत नावं. जुने गेटपास मी त्यांच्यासाठी गठ्ठा बांधून ठेवत असे. मग दोनला खरी टीम यायची आणि कॅन्टीनमध्ये आवाज चढायचा.

“याला परत घेतला! अहो यादीबाई, या म्हाताऱ्या फुल फॉरवर्डला परत घेतला!”

“मागच्या मॅचला त्याने तीन गोल केले ना?” असं मी एकदा बोलून गेले, आणि त्या दिवसापासून माझी जेवणाची सुट्टी संपली.

“तीन गोल तुम्हाला दिसले. बॉल त्याच्या हातातून सुटला तेव्हा तो परत मागे किती वेळा धावला?”

“मला काय माहीत?”

“एकदाही नाही. मी मोजलंय. सुटलेल्या बॉलमागे धावणं हे त्याचं काम आहे. त्याचं काम दुसरे करतात आणि फोटो याचा येतो.”

“पण गोल करणं हेही कामच आहे. तुमच्या त्या एकोणीस वर्षांच्या पोराने काय केलं? एक मारला, तोही बाजूच्या फटीतून.”

“त्याच्यामुळे समोरचे दोन बॅक त्याच्यामागे गेले. म्हणून तर म्हाताऱ्याला जागा मिळाली!”

“म्हणजे दोघं हवेत.”

साहेब घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग गेटपास उलटा केला आणि नवा लंबगोल काढला. म्हाताऱ्याला पुढे ठेवला, पोराला थोडा मागे घेतला आणि स्वतःच्या आवडीच्या एका विंगवाल्याला बाकावर बसवला. हे मला फार आवडायचं. भांडताना ते छप्पर उडवतील, पण मुद्दा पटला की त्याच मिनिटाला पेन उचलत. त्यांच्या वयाच्या आणि हुद्द्याच्या माणसांत असं मी फारसं पाहिलेलं नाही.

त्यांचे अंदाज पुष्कळदा साफ चुकत. त्यांनी काढलेला माणूस पुढच्या शनिवारी मैदान गाजवे. मग सोमवारी ते कंपनीच्या बसमधून हातात लीलो चेवड्याचं, म्हणजे बडोद्याच्या ओलसर चिवड्याचं, पाकीट घेऊन उतरत आणि माझ्या टेबलावर ठेवत. “दंड. वाटून खा. चर्चा नको.” त्यांची टीमही हरण्यातच तरबेज होती. जिंकणाऱ्या टीमचे पाठीराखे का होत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “जिंकणाऱ्या टीममध्ये सुधारायला काय असतं?”

घरीही तेच. त्यांच्या पुतणीचं लग्न मांजलपूरच्या एका पार्टी प्लॉटमध्ये होतं, मी गेले होते. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी जागा नेमून दिली होती. वऱ्हाडाच्या स्वागताला दोन विंग. स्वयंपाक आणि मांडव यांच्यात धावायला रोव्हर म्हणून मेहुणा. दागिन्यांच्या खोलीपाशी फुल बॅक म्हणून मावशी, तिने जेवायलाही उठायचं नाही. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, विचारलं, “आणि मी कुठे?”

“तू रकमन.”

रकमन म्हणजे मॅच सुरू होताना मध्यभागी उंच उडी मारून बॉल आपल्या बाजूला ढकलणारा माणूस. संघातला सर्वांत ताडमाड. वहिनी जेमतेम चार फूट दहा इंच.

“अहो, माझी उंची तरी बघा!”

“उंचीचं काय? व्याह्यांशी पहिला शब्द कोण बोलणार? तूच ना? मग पहिली उडी तुझी.”

वहिनी म्हणाल्या, “यांनी मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा उंच म्हटलंय, मी काही बोलत नाही.” लग्न मात्र घड्याळाच्या काट्यावर लागलं. मावशींचं ताट खोलीत नेऊन द्यावं लागलं, एवढंच.

हे सगळं मजेचं होतं. पण ज्या गोष्टीमुळे मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले, ती कारखान्यातली आहे.

आमच्याकडे गॅस गळला किंवा आग लागली तर धावून जायला एक इमर्जन्सी टीम असते. कोण व्हॉल्व्ह बंद करणार, कोण पाणी मारणार, कोण माणसं मोजणार, सगळं ठरलेलं. ती यादी मी ठेवते. आणि योगायोग असा की तीही अठरांचीच. सरकारकडून मंजूर होऊन आलेल्या प्लॅनमध्ये तोच आकडा आहे. नावं बदलता येतात, आकडा बदलायचा तर सगळा प्लॅन पुन्हा मंजुरीला पाठवावा लागतो. या टीमचे कंट्रोलर साहेब होते, बारा वर्षांपासून. कंट्रोलरने ऑफिससमोर उभं राहायचं, वॉकीटॉकीवर सगळ्यांचं ऐकायचं आणि हुकूम द्यायचे. पांढरं हेल्मेट फक्त त्यांचं. ते हेल्मेट त्यांच्या केबिनमध्ये खुंटीला असे आणि दर सोमवारी ते स्वतः पुसत.

एका सकाळी आमचं ड्रिल झालं, म्हणजे लुटुपुटूची गळती. चार नंबरच्या टाकीजवळ धुराचा डबा पेटवला आणि सायरन वाजवला. ड्रिलमध्ये माझं काम मोजणीचं आणि नोंदींचं. संध्याकाळी साहेबांनी त्या मागितल्या आणि माझ्यासमोर उभं राहून वाचल्या.

“अकरा वाजून चार मिनिटं. कंट्रोलर जागेवर नाही. हे कोणाबद्दल?”

“तुमच्याबद्दल, साहेब.”

“कुठे होतो मी?”

“टाकीपाशी. व्हॉल्व्हवाल्याला बाजूला करून तुम्ही स्वतः व्हॉल्व्ह फिरवत होतात.”

“किती वेळ?”

“नऊ मिनिटं. तोवर तिघांनी वॉकीटॉकीवर तुम्हाला विचारलं. दोन माणसं मोजणीत सापडत नव्हती. ती कॅन्टीनमागे होती.”

मला वाटलं आता आवाज चढेल. ते खुर्चीत बसले. म्हणाले, “म्हणजे मी जागा सोडून बॉलमागे धावलो.”

नोंद खोडा असं त्यांनी म्हटलं नाही. नऊ मिनिटांच्या खाली त्यांनी रेघ मारली आणि कागद परत दिला.

त्याच सुमारास रणछोडभाईचं प्रकरण आलं. रणछोडभाई कंप्रेसर हाउसचा ऑपरेटर. वय चोपन्न. मही नदीकाठच्या गावात थोडी शेती, रोज सायकल आणि मग शटल रिक्षा करून कामावर. अठ्ठावीस वर्षं कंप्रेसरच्या आवाजात काढल्यामुळे त्याचे कान गेले होते. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, त्याच्याशी आम्ही हातवारे करून बोलायचो. मशीनवर तळहात ठेवून तो सांगायचा की बेअरिंग जाणार, आणि ते जायचंच. पण वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की याला सायरन ऐकू येत नाही. नवा नियम असा की ज्याला सायरन ऐकू येत नाही तो प्लांटमध्ये राहू शकत नाही. अनफिट कामगारांची यादी करून मॅनेजरसाहेबांकडे पाठवायची होती. त्यात एकच नाव होतं. ते मी टाइप केलं.

रणछोडभाई टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्याने बोले.

“बेन, मने घेर मोकलशे?” मला घरी पाठवणार का, असं तो विचारत होता. रांगेतल्या दहा जणांनी ऐकलं.

मी हाताने सांगितलं, अजून ठरलं नाही.

“घेर शुं करीश?” घरी काय करू, एवढंच म्हणून तो गेला.

मी साहेबांना सांगितलं. गुरुवार होता, दोन वाजायला दहा मिनिटं होती आणि पुढ्यात अर्धा भरलेला लंबगोल. त्यांनी तो गेटपास बाजूला सारला. त्या गुरुवारी त्यांची टीम मेलबर्नला गेलीच नाही. तिकडून म्हातारीचे तीन मेसेज आले, तब्येत बरी आहे ना, असे.

दुसऱ्या दिवशी साहेब, मॅनेजरसाहेब आणि मी अशी मीटिंग झाली. मॅनेजरसाहेब माणूस वाईट नाही, पण कागदाला घाबरणारा आहे.

साहेब म्हणाले, “रणछोडला इमर्जन्सी टीममध्ये घ्यायचं.”

“शुं वात करो छो! ज्याला काढायचंय त्याला टीममध्ये? तो बहिरा आहे, साहेब.”

“म्हणूनच. सायरन वाजला की तुम्ही काय करता?”

“कुठे झालं ते बघतो.”

“मी पण तेच करतो. आवाज आला की मान तिकडे वळते. सगळ्या अठरांची वळते. गॅस गळला तर वारा कुठे जातोय ते कोण बघतं? यादीबाई, गेल्या ड्रिलमध्ये विंडसॉककडे किती जणांनी बघितलं?”

विंडसॉक म्हणजे छपरावरचा नारंगी कापडी मोजा. वारा जिकडे जाईल तिकडे तो फुगतो. त्यावरून माणसांनी पुढच्या गेटला जमायचं की मागच्या, हे ठरवायचं असतं. मी नोंदी पाहिल्या. “एकानेही नाही.”

“रणछोड बघतो. कंप्रेसर हाउसमधून बाहेर आला की पहिली मान वर. शेतकरी आहे तो, वारा बघून धान्य उपणणारा. गेली वीस वर्षं मी त्याला बघतोय. आपल्या टीममध्ये व्हॉल्व्हकडे धावणारे नऊ जण आहेत. मला असा एक हवा, जो काही झालं तरी तिकडे बघणार नाही.”

“पण सायरन झाला हे त्याला कळणार कसं?”

याचं उत्तर मी आणलं होतं. “कंप्रेसर हाउसमध्ये फिरता लाल दिवा लावू. सायरनच्याच स्विचवर. इलेक्ट्रिशियनला विचारलंय, एका दिवसाचं काम आहे. डॉक्टरांनाही विचारलं. दिवा असेल तर ते शेरा बदलून देतील.”

मॅनेजरसाहेबांनी प्लॅनची फाइल उघडली. “अठरा म्हणजे अठरा. एकोणिसावा घेतला तर सगळा प्लॅन परत पाठवावा लागेल. कोणाला काढू?”

“मला,” साहेब म्हणाले.

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच शिकवून आणलं होतं.

“तुम्ही कंट्रोलर आहात.”

“नऊ मिनिटं जागा सोडणारा कंट्रोलर आहे. नोंद आहे. मी पळणारा माणूस आहे, मला उभं राहता येत नाही. तिथे पॅकिंगच्या महेशभाईला घ्या.”

महेशभाई पॅकिंगचा सुपरवायझर. भारी शरीराचा, शांत. टीममध्ये त्याला स्ट्रेचर उचलायचं काम होतं आणि ते त्याला कधीही झेपलं नव्हतं.

“महेश? तो आग लागली तरी आधी खुर्ची शोधेल!”

“तेच तर. खुर्ची शोधेल, बसेल आणि ऐकेल. स्ट्रेचर व्हॉल्व्हवाल्यांतल्या एकाला द्या.”

मॅनेजरसाहेबांनी शेवटी अट घातली. पुढच्या ड्रिलला बाहेरचे तपासनीस येणार आहेत. त्यात रणछोडभाई एकदा जरी चुकला तर त्याच दिवशी त्याच्या कागदावर सही. साहेबांनी हो म्हटलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “मी चुकीचा ठरलो तर या वेळी चेवड्यावर भागणार नाही.” हसले नाहीत.

ड्रिलच्या दिवशी साहेबांना काही काम नव्हतं. टाइम ऑफिसच्या ओट्यावर मी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. पांढरं हेल्मेट महेशभाईच्या डोक्यावर होतं आणि त्याला ते लहान होत होतं. सायरन वाजला. साहेब ताडकन उठले.

“बसा, साहेब.”

बसले. चार नंबरकडून धूर दिसायला लागला. परत उठले.

“साहेब!”

“अहो, तो व्हॉल्व्ह उलटा फिरवतोय!”

“त्याला कळेल. बसा.”

ते बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी हजेरीची यादी उचलली आणि माणसं मोजायला मेन गेटकडे निघाले. जमायची जागा मेन गेट, असं यादीच्या डोक्यावर मीच टाइप केलेलं होतं. बाराही महिने आम्ही तिथेच जमायचो. माझ्या पुढे-मागे साठ-सत्तर माणसं होती, त्यात मॅनेजरसाहेब आणि पाहुणे तपासनीसही.

स्टोअरपाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. तिथे रणछोडभाई उभा होता. एका हातात हिरवा झेंडा, दोन्ही हात पसरलेले, मेन गेटचा रस्ता अडवून. झेंडा मागच्या गेटकडे दाखवत होता.

“ए रणछोड, आघो खस!” पुढच्यांनी आरडाओरडा केला. बाजूला हो. तो हलला नाही. एकाने त्याचा दंड धरला, त्याने झटकला. मॅनेजरसाहेब पुढे झाले आणि त्याच्या तोंडासमोर बोट नाचवत ओरडले, “मेन गेट! मेन गेट!” ओठांवरून रणछोडभाईला ते नक्की कळलं असणार. त्याने मॅनेजरसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग झेंड्याची काठी वर केली आणि छपराकडे दाखवली.

तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. सकाळपासून वारा फिरला होता. नारंगी मोजा टाकीकडून मेन गेटकडे ताठ फुगला होता, आणि धुराचा पट्टा हळूहळू त्याच दिशेला, आम्ही जिथे जाऊन उभे राहणार होतो तिथे, पसरत चालला होता. खरा गॅस असता तर मी माणसांची मोजणी त्यात उभी राहून केली असती.

सगळे मागच्या गेटकडे वळले. महेशभाई खुर्चीतून वॉकीटॉकीवर शांतपणे सांगत होता, “मागचं गेट, मागचं गेट, घाई नथी.” मोजणी सहा मिनिटांत पूर्ण झाली. एकही माणूस कमी नव्हता. तपासनीसांनी मॅनेजरसाहेबांना विचारलं, हा झेंडेवाला कोण? मॅनेजरसाहेब म्हणाले, “आमचा जुना माणूस आहे. खास नेमलाय.”

मी ओट्याकडे परतले तेव्हा साहेब खुर्चीतच होते. हात अजून मांड्यांखाली. मुंग्या आल्यामुळे त्यांना ते काढता येत नव्हते.

“काय झालं? मला इथून स्टोअरचा कोपरा दिसत नाही,” ते म्हणाले. अख्ख्या ड्रिलमध्ये जे बघायचं होतं तेवढं सोडून त्यांना बाकी सगळं दिसलं होतं. मी सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. झेंडा कुठल्या हातात होता, हेसुद्धा विचारलं.

आता ते निवृत्त आहेत. मेलबर्नच्या म्हातारीची दृष्टी कमी झाली आहे, म्हणून मेसेजऐवजी फोनवर भांडतात, आणि वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे शेजाऱ्यांनाही आता अठरा नावं पाठ झाली आहेत. मला टीमचा फोटो अजून येतो. पण ते डोळ्यांपुढे येतात तेव्हा मला त्या ड्रिलनंतरचा शनिवार आठवतो.

डॉक्टरांचा नवा शेरा आला होता. मॅनेजरसाहेबांनी अनफिटची यादी परत पाठवली होती, त्यावर लाल अक्षरात ‘रद्द’. मी इमर्जन्सी टीमची नवी यादी टाइप केली. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात जबाबदारी. व्हॉल्व्ह, पाणी, प्रथमोपचार, मोजणी. रणछोडभाईच्या नावापुढे काय लिहायचं ते कळेना. प्लॅनमध्ये असं काम नव्हतंच. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं.

“वारा,” ते म्हणाले.

“नुसतं वारा?”

“नुसतं वारा. त्याला वाचता येईल असं, मोठं लिहा.”

मी लिहून, नोटीस बोर्डासाठी प्रिंट काढून आणली. साहेबांनी चष्मा लावला. एक ते अठरा, वरून खाली वाचली. मग अठरापासून एकपर्यंत, एकेका नावावर बोट ठेवत, खालून वर वाचली. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं. ते पुन्हा एकदा पाहून त्यांनी यादी माझ्या हातात दिली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “लावा.”